एमसीबी खाली, तरी करंट

दिवाळीच्या आधी स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड बदलायला काढला. मिक्सरचं सॉकेट तापून तापून काळं पडलं होतं. वायरमन दादा येईपर्यंत ह्यांनी स्वयंपाकघराची एमसीबी खाली पाडून ठेवली. ट्यूब विझली, मिक्सर फिरेना. कुणालाही वाटेल, लाइट बंद झाली.

दादांनी आधी हॉलमधल्या चालू सॉकेटमध्ये टेस्टर घालून पाहिला. टेस्टरच बिघडलेला असेल तर तो काय सांगणार! मग बोर्ड उघडला. लाल वायरीला टेस्टर लावला, पेटला नाही. काळ्या वायरीला लावला आणि पेटला. माझ्या पोटात गोळाच आला. काळी म्हणजे न्यूट्रल, एवढं मलाही ठाऊक होतं. त्यांनी पिशवीतून होल्डरला लावलेला बल्ब काढला. लाल आणि काळीमध्ये तो लागला नाही. काळी आणि अर्थिंगमध्ये धरला, तर लख्ख लागला.

कारण मेनबोर्डात सापडलं. मीटररूममधून वर येणाऱ्या वायरी मागच्या कुठल्याशा दुरुस्तीत उलट जोडल्या गेल्या होत्या. साधी सिंगल पोल एमसीबी एकच वायर तोडते. आमच्याकडे ती न्यूट्रल तोडत होती आणि २३० व्होल्टची फेज थेट बोर्डापर्यंत येत होती. ट्यूब विझलेली, पण वायरीत करंट.

मग दोन्ही वायरी तोडणारा मेन स्विच पाडला. तरी बेडरूमचा पंखा फिरतच होता. इन्व्हर्टर! मी त्याचं बटण बंद करायला गेले, तर दादा म्हणाले, "ताई, नुसत्या बटणावर जाऊ नका. मेन चालू असली तर बटण बंद करूनही लाइट त्याच्यातून पुढे जाते. मेन बंद, बटण बंद आणि पिनही काढायची."

शेवटी ते खाली मीटररूममध्ये गेले, आमचं किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढलं आणि खिशात घातलं. हे मला जरा जास्तीचं वाटलं होतं. थोड्या वेळाने सासूबाई देवळातून आल्या, घरात लाइट नाही बघून सरळ मेन स्विच वर केला. दादांचे हात तेव्हा बोर्डात होते. किटकॅट खिशात होतं म्हणून काही झालं नाही. मला मात्र खुर्चीवर बसावं लागलं.

हात घालण्याआधी त्यांनी प्रत्येक वायर पुन्हा तपासली होती, अर्थिंगशीसुद्धा. त्यानंतर जिन्यातल्या चालू सॉकेटवर टेस्टर पुन्हा एकदा पेटवून पाहिला होता. काम संपल्यावर मेनबोर्डातल्या वायरी सरळ केल्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली.

वायरमन आला की घरात इन्व्हर्टर आहे हे त्याला दारातच सांगा. काळ्या वायरीलाही टेस्टर लावायला सांगा. आणि काम चालू असेपर्यंत मेनजवळ घरातलं एक माणूस उभं करा.