कोरड्या ट्रकमधला ओलावा

कच्छच्या छोट्या रणातून मीठ घेऊन निघालेला ट्रक खारघोड्याच्या वाटेवर पांढरा होतो. ती नुसती धूळ नसते. हौद्याच्या फटींतून सांडलेले मीठही तीत असते. माल उतरतो, ताडपत्रीची घडी होते आणि चालक निश्चिंतपणे झोपी जातो. ट्रक कोरडा ठणठणीत दिसत असतो. लोखंडाची झीज मात्र थांबलेली नसते.

गंजणे ही विद्युतरासायनिक क्रिया आहे. लोखंड एका जागी इलेक्ट्रॉन सोडते. दुसऱ्या जागी प्राणवायू आणि पाणी मिळून ते स्वीकारतात. मधल्या ओलाव्यात मीठ विरघळले की आयनांची वाट सुकर होते आणि क्रिया वेग घेते. हा ओलावा पावसाचाच असावा, असे नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली, की शुद्ध मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन त्यात विरघळते. कच्च्या मिठातल्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर सुमारे ३३ टक्केही पुरतात. दुपारी हाताला कोरडी लागलेली चासी रात्रभर भिजत राहते ती अशी.

सर्वाधिक धोका सांध्यांना. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. दोन पट्ट्यांमध्ये साचलेला गंज फुगतो, पट्ट्या फाकवतो, रिव्हेटांवर ताण आणतो. बाहेरचा रंग तोवर शाबूत दिसतो. मीठ न धुता वर काळे ऑइल फासले, तर आतले मीठ आतच राहते. जस्ताचा मुलामा अधिक भरवशाचा, कारण ओरखडा पडला तरी लोखंडाआधी जस्त स्वतः झिजते. पण तेही कधीतरी संपते.

उरतो तो सर्वांत साधा उपाय: गाडी खालून गोड्या पाण्याने धुणे आणि निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवणे. पण ज्या रणात अगरिया कुटुंबांचे पिण्याचे पाणीच टँकरने येते, तेथे ट्रकसाठी पाणी मागायचे कोणत्या तोंडाने? म्हणून मीठ आधी कोरड्या ब्रशने झाडावे आणि धुण्याची सोय रणाबाहेर, माल उतरतो तेथे व्हावी. चालकच मालक असेल, तर कर्जाचे हप्ते फिटण्याआधी चासी खचणे त्याला परवडणारे नाही. त्याच्या गाडीचे आयुष्य शेवटी त्या दोन-चार बादल्या पाण्यावर ठरते.