अकरावी पत्रावळ

कार्तिकी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी कौंडण्यपूरला दहीहंडी असते. वर्धा नदीच्या काठचं हे गाव म्हणजे रुक्मिणीचं माहेर. आषाढीला इथून तिची पालखी पायी पंढरपूरला जाते, पण कार्तिकात आमच्या तिवसा तालुक्यातली माणसं कौंडण्यपूरलाच लोटतात. लहानपणी आम्हीही बैलगाडीनं जायचो.

मी सहावीत असतानाची गोष्ट. नदीकाठी आई आणि काकूंनी गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले होते. सोबत वांग्याची भाजी अन् वरण. गरम रोडगा फोडून त्यावर तूप... दोस्तांनो, ज्यानं तो खाल्ला नाही त्याला ती चव सांगून कळायची नाही! पण माझं सगळं लक्ष आकाशपाळण्याकडे. शेवटचा घास तोंडात असतानाच मी उठलो आणि पत्रावळ काठावरून खाली भिरकावून दिली.

आबाजींनी जेवणाआधीच एक खड्डा खणून ठेवला होता. त्यात एकेक पत्रावळ टाकत ते मोजत होते.

"अकरा जनं जेवले अन् पत्रावळी तं दहाच हायेत."

"कुत्र्यानं नेली असन," मी म्हणालो.

आबाजी काही बोलले नाहीत. धोतर खोचलं आणि उतारावरून खाली गेले. वय साठीच्या पुढचं, पायाखाली चिखल. मला वरून सगळं दिसत होतं. पाळण्यासाठी मिळालेले पैसे मुठीत घामेजून गेले, पण पाय हलेना. बऱ्याच वेळानं ते वर आले, तेव्हा दोन्ही हातांत मावणार नाहीत इतक्या पत्रावळी छातीशी धरलेल्या.

"आबाजी, ह्या तं लोकायच्या हायेत!"

"यातली आपली कोनती, वळखूच नाही आली. मनून समद्याच आनल्या."

गाडीत बसल्यावर मी खरं काय ते सांगून टाकलं. "मले मालूम होतं," एवढंच ते म्हणाले आणि बैलांना हाकारलं.

आबाजींनी तरुणपणी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेलं होतं. बाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, जन्म १८७६ चा, शेंडगावचा. गावात आले की दिवसा खराट्यानं रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला कचरा काढायचे, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलंच असेल. मला मात्र त्याच्या आधीची एक गोष्ट जास्त मोठी वाटते. १९०५ साली त्यांनी घर सोडलं. त्याआधी, डेबूजी म्हणून संसार करत असताना, मुलीच्या बारशाला त्यांनी जातभाईंना दारू-मटणाची पंगत द्यायचं नाकारलं आणि गोडाचं जेवण वाढलं. रस्ता झाडणाऱ्याला लोक फार तर हसतात. आपल्याच अंगणात, आपल्याच माणसांसमोर, चालत आलेली रीत मोडायची म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक! दारू सोडा असं गावोगाव सांगायचा हक्क त्यांना त्या पंगतीतच मिळाला असावा.

आता मी शहरात राहतो. काही वर्षांमागे पावसाळ्यात आमच्या गल्लीतली नाली तुंबली आणि घाण पाणी घराघरांत शिरलं. मी तावातावानं नगरपालिकेच्या नावे अर्ज लिहिला. सह्या घेत फिरत होतो. कोपऱ्यावरच्या निवृत्त बाईंनी चष्मा लावून अर्ज शांतपणे वाचला. मग म्हणाल्या, "सही करते. पण काय हो, उन्हाळ्यात तुमची वरची खोली बांधली, तेव्हाची उरलेली वाळू कुठं गेली?"

कुठं जाणार! रस्त्याच्या कडेला पडली होती. पहिल्याच पावसात नालीत वाहून गेली.

दोन दिवस तो अर्ज माझ्या खिशातच राहिला. खरं सांगतो, वाळूचा विषय गाळून बाकीच्या सह्या घ्याव्यात असंही मनात आलं. बाई काही गावभर सांगत फिरणाऱ्या नव्हत्या. पण रात्री डोळे मिटले की चिखलातून वर येणारे आबाजी दिसायचे.

रविवारी सकाळी फावडं-घमेलं घेऊन नालीत उतरलो. वाळूबरोबर विटांचे तुकडे निघाले, प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या, कुणाची तरी चप्पलही निघाली. समोरच्या घरातला एक मुलगा बराच वेळ बघत होता. त्यानं विचारलं, "काका, तुमची वाळू काढून झाली की थांबणार ना?"

"माझी कोणती ते ओळखूच येत नाही रे," मी म्हणालो.

तो हसला आणि दुसरं घमेलं घेऊन आला.

अर्ज नव्यानं लिहिला. नालीतली काही वाळू माझ्या घरची होती, हे त्यात पहिल्याच ओळीत टाकलं. बाईंनी सगळ्यांत वर सही केली. नाली पक्की व्हायला मात्र पुढचा उन्हाळा उजाडला आणि तोवर चार खेटे घालावे लागले. प्रत्येक खेपेला तो मुलगा माझ्यासोबत होता.