सुविचार शाळा सुटताना

अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातल्या शाळांचा दिवसही राज्यातल्या इतर शाळांसारखाच परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, दिनविशेष आणि सुविचार. फळ्यावर वार, दिनांक, पट, हजर संख्या आणि त्यांच्या वर वळणदार अक्षरांत ते वाक्य. मुलांना शिकण्याची ओढ लागावी, हा त्यामागचा हेतू मला मोलाचा वाटतो. पण घरी कोरकू बोलणाऱ्या पहिली-दुसरीतल्या पोराच्या कानावर 'परिश्रम', 'ध्येय', 'यश' पडतं, तेव्हा त्याच्या हाती नुसता आवाज लागतो. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचं नातं नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असं संविधानाचं 350क हे कलम 1956 पासून सांगतं. सुविचाराला तेवढीही सोय मिळू नये?

भाषेइतकाच प्रश्न वेळेचा आहे. याच जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन रात्री. तेही वऱ्हाडी बोलीत, समोरच्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. दिवसभर झाडलेले रस्ते लोकांच्या डोळ्यांपुढे असत, म्हणून रात्रीचा शब्द मनात उतरे. आपण नेमकं उलट करतो: काम सुरू होण्याआधीच त्याची थोरवी सांगून मोकळे होतो. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचे 1998 चे प्रयोग इथे आठवतात. कोडी सोडवल्यानंतर ज्यांच्या हुशारीचं कौतुक झालं, ती मुलं पुढच्या अपयशाने खचली. ज्यांच्या कष्टाचं झालं, ती चिकटून राहिली. ते प्रयोग सुविचारांवरचे नव्हेत, पण तिथलं कौतुक मुलाने नुकत्याच केलेल्या कामाबद्दल होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. हातच्याची बेरीज तीनदा चुकून चौथ्यांदा जमलेल्या मुलीला त्याच क्षणी चिकाटीबद्दलचं एक वाक्य मिळालं, तर ते तिचं होतं.

कोणी म्हणेल, पाठ केलेलं आज कळलं नाही तरी पुढे कधी उमगतंच. खरं आहे, संतांची वचनं अशीच पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पण ती घरात, भजनात, शेताच्या बांधावर बोलली जात होती. फळ्यावरचं वाक्य दुसऱ्या दिवशी पुसलं जातं. होळीनंतर आईबापांबरोबर कामाला बाहेरगावी जाणाऱ्या लेकरापुढे तर कुठलंच वाक्य पुरणार नाही. त्याला गावातच हंगामी वसतिगृह आणि दोन वेळचं जेवण हवं, आणि ही मागणी सुविचाराच्या आधीची आहे. राहिली गुरुजींची अडचण, की आम्हाला कोरकू येत नाही. मुलांना येते. शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं 'आज काय जमलं?' एवढंच विचारावं, मोठ्या मुलांनी ते कोरकूत सांगावं, देवनागरीत फळ्यावर लिहावं, खाली गुरुजींनी मराठी लिहावी. आणि ते वाक्य सकाळी लगेच पुसू नये.