लॅमिंग्टन रोडचा बाजार आणि माइनिंगची कार्डे

ग्रँट रोड स्थानकावर धिम्या लोकलनेच उतरावे लागते. पूर्वेकडे बाहेर पडले की दोन-चार मिनिटांत आपण लॅमिंग्टन रोडवर असतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला पडले. पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण टॅक्सीवाल्याला तसे सांगून पाहा, तो विचारतो, "कौनसा, लॅमिंग्टन?" पूर्वी रेडिओ-ट्रान्झिस्टरचे सुटे भाग घ्यायला कारागीर इथे येत. मग टीव्ही आला, नव्वदीत संगणक आला. दुकानांच्या पाट्या बदलल्या, गर्दी तीच राहिली. फुटपाथवर रिमोट, केबल, चार्जर यांचे ढीग आणि वर जुन्या इमारतींच्या लाकडी जिन्यांवर एकेका खोलीचे दुकान. रविवारी जाऊ नये, बहुतेक शटर बंद असतात.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही एका शनिवारी तिथे गेलो ते आमच्या वस्तीतील एका गृहस्थांबरोबर. ते बेस्टमध्ये वाहक आहेत. त्यांचा मुलगा ॲनिमेशनचा कोर्स करतो. संगणक हप्त्यावर घेतला होता, पण त्रिमिती चित्रे तयार करायला ग्राफिक्स कार्ड लागते आणि ते त्यात नव्हते. भिशीचे वीस हजार हाती आले होते. हिशेबातले माणूस म्हणून आम्हांला बरोबर घेतले.

पहिल्याच दुकानात त्या मुलाने आरटीएक्स ३०६० चा भाव विचारला. नवे तीस हजारांच्या आसपास. बाप-लेकांनी एकमेकांकडे पाहिले. बाहेर पडतो तोच फुटपाथवरचा एक पोरगा मागे आला. "सेकंड में चाहिए क्या अंकल? माइनिंग का है, पर एकदम कडक."

वाचकांपैकी पुष्कळांना हे माइनिंग म्हणजे काय, असा प्रश्न पडेल. त्या दिवशी आम्ही उडप्याकडे चहा घेत त्या मुलाकडून समजावून घेतले, ते थोडक्यात सांगतो. बिटकॉइन, इथेरियम अशी जी आभासी नाणी आहेत, त्यांच्या व्यवहारांची वही कोणत्याही एका बँकेत नसते, ती जगभरातल्या संगणकांवर असते. वहीत नवे पान जोडण्यासाठी संगणकांना एक अवघड आकडेमोड करावी लागे. ज्याचे उत्तर आधी निघेल त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी. यालाच खाणकाम म्हणू लागले. बिटकॉइनसाठी खास यंत्रे आली, पण इथेरियमची आकडेमोड खेळांसाठी बनवलेल्या ग्राफिक्स कार्डांवर चांगली होत असे. म्हणून २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२०-२१ मध्ये जगभर कार्डे गायब झाली. ३०८० या कार्डाचा भारतातील जाहीर भाव ७१,००० रुपये होता, ते २०२१ मध्ये लाखाच्या वर विकले गेले. ३०६० हे कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये निघाले तेव्हा एनव्हिडिया कंपनीने त्यावर इथेरियम काढण्याचा वेग निम्मा होईल अशी अट घातली. आणि पुढच्याच महिन्यात ती अट उठवणारा ड्रायव्हर स्वतःच चुकून प्रसिद्ध केला! मोठ्यांच्याही घरी असे घोटाळे होतात.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ही सारी पद्धतच बदलली. आकडेमोड बंद. त्याचा विजेचा वापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला असे सांगतात. जगभरातली लाखो कार्डे एका दिवसात बेकार झाली आणि बाजारात आली. त्यातलाच हा 'कडक' माल.

फुटपाथवरच्या पोराचे कार्ड आम्ही घेतले नाही. त्याच्याकडे ना बिल, ना ते लावून दाखवायची तयारी. शिवाय खोक्यावरचा क्रमांक एक, कार्डावरचा दुसरा. आमच्या बरोबरच्या मुलाने त्या आठवड्यात बरीच माहिती जमवली होती. जुन्या, हलक्या कार्डात फेरफार करून संगणकाला ते वरच्या दर्जाचे भासवतात. जीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्राम अशी बरीच नकली कार्डे ओळखतो. आरएक्स ५८० नावाने जी स्वस्त कार्डे मिळतात त्यांतील काही '२०४८ एसपी' असतात, म्हणजे नाव ५८० चे आणि ताकद ५७० ची. खाणकामासाठी कित्येकांनी कार्डाचा बायॉस बदललेला असतो, तो मूळचा करून घ्यावा लागतो. व्हिएतनाममध्ये तर कार्डे पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन विकायला काढल्याच्या चित्रफिती २०२२ मध्ये फिरल्या होत्या.

मग माइनिंगचे कार्ड घ्यावेच की नाही? दुकानदार म्हणतात, हात लावू नका. आमचे मत तसे नाही. शहाणा माइनर वीज वाचावी म्हणून कार्ड कमी ताकदीवर चालवतो, आणि ते एकाच तापमानाला राहते. झिजतो तो पंखा, आणि चिपवरची उष्णता वाहून नेणारे पॅड व पेस्ट सुकतात. हे बदलता येते. कार्ड कोणी वापरले, कसे वापरले, याला महत्त्व आहे. पण ते कळणार कसे? माणूस पाहून आणि जागा पाहून.

त्या मुलाने ओळखीतून एक पत्ता मिळवला होता, कल्याण पूर्वेचा. दुसऱ्या दिवशी तिघेही गेलो. चाळवजा इमारत, दुसरा मजला. विकणारा चोवीस-पंचवीस वर्षांचा. आतल्या खोलीत भंगारातल्या लोखंडी अँगलचा सांगाडा आणि त्यावर सहा कार्डे ओळीने टांगलेली. खिडकीत एक्झॉस्ट पंखा. "काका, हे चालू असताना या खोलीत झोपता येत नसे," तो म्हणाला. "उन्हाळ्यात आई गॅलरीत झोपायची."

त्याने कार्ड संगणकाला लावून अर्धा तास पूर्ण ताकदीवर चालवून दाखवले. तापमान, पंख्याचा आवाज, क्रमांक, सारे आमच्या मुलाने तपासले. मूळ बिल होते आणि हमी २०२४ च्या ऑगस्टपर्यंत. इकडे आम्ही त्याची वही मागून घेतली. पोराने हिशेब चोख ठेवला होता, हे आम्हांला फार आवडले.

ऑगस्ट २०२१ मध्ये सहा कार्डे, प्रत्येकी ५४,०००, म्हणजे ३,२४,०००. बाकीचे सामान ४६,०००. एकूण ३,७०,०००. त्यासाठी आईचे दागिने गहाण आणि दोन मित्रांची उसनवारी. तेरा महिन्यांत आले २,६०,०००. नोव्हेंबर २०२१ मध्ये नाणे ४,८०० डॉलरपर्यंत चढले होते, तेव्हा महिन्याला तीस हजार पडत. जून २०२२ मध्ये तेच नाणे हजार डॉलरच्या खाली गेले आणि दहाच हजार उरले. सहा कार्डे रात्रंदिवस चालली की रोज सुमारे वीस युनिट जळतात, महिन्याला सहाशेवर. घरगुती मीटरला जितके जास्त जाळाल तितका वरचा दर. तेरा महिन्यांचे बिल ८४,५००. हाती राहिले १,७५,५००. सहाही कार्डे सतरा हजारांनी गेली तर १,०२,०००. तरी ९२,५०० रुपयांची तूट, गहाणाचे व्याज वेगळे.

करही वेगळा. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस. खाणकामाच्या यंत्रांवरचा खर्च त्यातून वजा मिळत नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. धंद्याचा खर्च वजा न होता कर, हे आमच्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसाला पचत नाही. पण नियम आहे.

"तुला कोणी सांगितले होते यात पडायला?" आम्ही विचारले. एका शिकवणीवाल्याने शनिवार-रविवारी वर्ग घेतला होता, फी घेऊन. आठ महिन्यांत पैसे दुप्पट, असे तो सांगत असे. कार्डेही त्यानेच मिळवून दिली, अर्थात चढ्या भावात. नंतर त्याचा फोन लागेना. २०२१ मध्ये माल दुर्मिळ होता, तेव्हा माइनरना कार्डे पुरवणाऱ्यांनी खरी कमाई केली. वर्गातले आणखी चौघे कार्डे विकायला बसले आहेत, असे त्याने सांगितले. ते आपसांतच भाव ठरवतात, एकाने फार उतरून विकू नये म्हणून. पण हप्ता थकला की कोण थांबतो?

भाव सतरा हजार सांगितला होता. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने असेच कार्ड चौदाला मागितले होते, तेही विकणाऱ्याने कबूल केले. आमचे वाहक बंधू घासाघीस करण्यात वाकबगार. भाजीवाल्याशीही रुपयासाठी दहा मिनिटे बोलतील. ते सोळा म्हणाले. इतक्यात त्या मुलाची आई चहा घेऊन आली, तिच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत तेवढी होती. चहा संपेपर्यंत कोणी बोलले नाही. मग बंधूंनी साडेसोळा हजार मोजून दिले आणि म्हणाले, "पाचशे कमी यासाठी, की पॅड बदलायला लागतील." विकणारा हसला आणि नव्या पॅडचे पाकीट स्वतःच काढून दिले.

आम्ही कोऱ्या कागदावर पावती लिहिली. कार्डाचा अनुक्रमांक, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. मूळ बिलही सोबत घेतले, कारण काही कंपन्यांची हमी अनुक्रमांकावर चालते, काही बिल मागतात.

ते कार्ड हमीची मुदत संपली तेव्हाही चालत होते. मुलगा आता लग्नाच्या व्हिडिओचे काम घेतो आणि शिकतोही. कल्याणच्या मुलाची उरलेली पाच कार्डे मार्चपर्यंत गेली, शेवटची दोन तेरा हजारांना. लोखंडी सांगाडा भंगारवाल्याने किलोवर नेला. आईचे दागिने सुटायला पुढचा दिवाळीचा बोनस लागला. तेव्हा तो भिवंडीच्या एका गोदामात नोकरीला लागला होता.