हिशेब न ठेवणारे

अर्विंगच्या थॉमस जेफरसन पार्कमध्ये २०१४ सालच्या गांधीजयंतीला गांधीजींचा पुतळा उभा राहिला. टेक्सासच्या या भागात पावलोपावली बॅप्टिस्ट चर्च आहेत. त्यांच्या शेजारी गांधीजी म्हटलं, की मला 'सत्याचे प्रयोग'मधली प्रिटोरियाची हकीकत आठवते. साल १८९३. प्लिमथ ब्रदरन पंथाचे एक गृहस्थ तरुण गांधींना समजावत होते, की तुम्ही सारखे आपल्या चुका उगाळत बसता, असं करून शांती मिळायची नाही. पाप आपल्या हातून व्हायचंच. येशूने ते स्वतःवर घेतलं आहे, एवढा विश्वास ठेवा आणि सुटा. गांधीजी म्हणाले, मला पापाच्या फळातून सुटका नको आहे, पापातूनच हवी आहे. ती मिळेपर्यंत अस्वस्थ राहायची माझी तयारी आहे. त्या गृहस्थांनी मग जाणूनबुजून काही चुका केल्या आणि त्याचं आपल्याला काहीही वाटत नाही, हेही दाखवून दिलं!

सगळे ख्रिस्ती असे नसतात, हे गांधीजींना ठाऊक होतं आणि त्यांनी तसं लिहिलंही आहे. तरी ख्रिस्ती माणूस म्हणून मला ती दोन पानं बोचतात.

मी नगरची. आमच्या मंडळीत एका रविवारी रोमकरांस पत्रावर उपदेश व्हायचा: तारण कृपेने, विश्वासाने, कर्मांनी नव्हे. पुढच्या एखाद्या रविवारी पाळकसाहेब याकोबाचं पत्र काढायचे: कृतीवाचून विश्वास मेलेला. लहानपणी या दोन्हींत काही भांडण आहे असं वाटलंच नाही. ते कळलं अर्विंगला आल्यावर. इथे 'तुमचं तारण झालंय का' हे लोक गाव विचारावं इतक्या सहज विचारतात. आज रात्री मरण आलं तर कुठे जाल, असं विचारणारा नीटनेटका तरुण शनिवारी सकाळी दारात उभा असतो. पोर चांगलं असतं, पाणी दिलं तर आभार मानतं. पण मरणाचं आमंत्रण असं पत्रक वाटल्यासारखं द्यावं, हे काही मला अजून पचत नाही.

शेजारच्या कुलकर्णीवहिनींचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे खुन्याने मरताना येशूचं नाव घेतलं की तो स्वर्गात, आणि जन्मभर लोकांचं भलं करणारा बिनख्रिस्ती बाहेर? हा कुठला न्याय हो?" मी त्यांना अजामिळाची आठवण करून देते. आयुष्यभर नको ते केलं, मरताना मुलाला हाक मारली, मुलाचं नाव नारायण, तेवढ्यावर वैकुंठ. कीर्तनात ही कथा ऐकताना कुणी न्याय विचारत नाही. आमच्याकडे वधस्तंभावरचा चोर आहे, त्याने निदान जाणून तरी हाक मारली होती. वहिनी हसतात आणि म्हणतात, "ते वेगळं." प्रश्नाचा दुसरा भाग मात्र तसाच उरतो, आणि त्याचं उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही असं मला मनापासून वाटतं. कुणाला बाहेर ठेवायचं याची यादी माझ्याकडे दिलेली नाही.

विश्वास की कर्म, या वादापायी युरोप फाटला. १५१७ साली ल्यूथर उभा राहिला. १५२२ च्या जर्मन नव्या करारात त्याने रोमकरांस पत्रातल्या एका वाक्यात 'केवळ' हा शब्द स्वतःच्या पदरचा घातला, आणि याकोबाच्या पत्राला गवताकाडीचं ठरवलं. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५४७ साली उलट बाजूने निकाल दिला. त्यानंतर साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन लोकांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो तो कृपेने, आपल्या गुणांमुळे नव्हे, आणि तीच कृपा आपल्याला सत्कर्माला लावते. पुढे मेथॉडिस्ट आणि रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या. आमच्या टेक्सासचे सदर्न बॅप्टिस्ट त्या सह्यांत नाहीत.

इथे अर्विंगमध्येच सिस्टर्शियन या कॅथलिक पंथाचा मठ आहे. मूळचे हे साधू हंगेरीतल्या झिर्त्सचे. १९५० साली तिथल्या कम्युनिस्ट सरकारने मठ बंद केला, मठाधिपतींना तुरुंगात घालून छळलं. देश सोडून आलेले काही जण १९५६ साली सुरू झालेल्या डॅलस विद्यापीठात शिकवायला इथे आले. १९६२ मध्ये त्यांनी मुलांची शाळा काढली. मठाच्या चर्चच्या भिंती चुनखडीच्या अखंड शिळांच्या आहेत, एकेक शिळा दोन टनांहून जड. पहाटे प्रार्थना, मग वर्गात जाऊन पोरांना गणित आणि लॅटिन. त्यातलं कुठलं विश्वासाचं आणि कुठलं कर्माचं, हे तिथे बसून मला कधी वेगळं करता आलेलं नाही.

पण या विषयावर मला सर्वांत जास्त शिकवलं ते पंडिता रमाबाईंनी.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. सगळं कुटुंब तीर्थं करत, पुराणं सांगत हिंडायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात जवळचं होतं नव्हतं ते दानात आणि व्रतांत गेलं; देव प्रसन्न होईल ही आशा. मजुरी करणं त्यांना ठाऊक नव्हतं, भीक मागायची लाज. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण, सगळे उपासमारीने. उरल्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. पुण्य जमवण्याचा मार्ग उपाशीपोटी शेवटपर्यंत चालून पाहिलेली ही बाई होती. कर्माने तारण होत नाही हे वाक्य तिने पुस्तकातून उचललेलं नाही.

पुढे १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या. फुलहॅमला त्या सिस्टरांचं, समाजाने टाकलेल्या बायकांना आसरा देणारं घर होतं. ते पाहून रमाबाई चकित झाल्या: अशा बायकांना इतक्या मायेने वागवायला यांना कोण सांगतं? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. म्हणजे आधी दिसलं काम, मग विश्वास. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्रैक्यापासून पुढे प्रत्येक गोष्टीवर वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीनशी त्यांची पत्रांतून खडाजंगी चालली.

१८८९ मध्ये मुंबईत शारदासदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवा मुली शिकू लागल्या. सत्कर्म म्हणून याहून मोठं काय मागायचं? आणि नेमकं तेव्हा, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना जाणवलं की आपण ख्रिस्ती धर्म घेतला आहे, ख्रिस्त नाही. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश पाद्र्याचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं होतं. (या हॅस्लमचं परिवर्तन स्वतःचाच उपदेश देताना झालं. असे पाद्री विरळा. बहुतेकांच्या उपदेशाने दुसऱ्यांनाही झोप लागते.) आधी लायक व्हायचं आणि मग देवाकडे जायचं, असं काही नाही, हे त्यांना उमगलं. हे सगळं त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहिलं आहे.

तारण फुकट मिळतं म्हटल्यावर माणूस बेफिकीर होईल, अशी शंका प्रिटोरियाच्या त्या हकीकतीवरून येते. रमाबाईंच्या बाबतीत उलट झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास तिथल्या त्यांच्या 'मुक्ती' या संस्थेत दीड हजार जणी होत्या. विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, अंध बायकांसाठी निराळी सोय, टाकलेल्यांसाठी कृपासदन. पुण्याच्या खात्यावर काही जमा करायचं उरलं नव्हतं, म्हणून हात मोकळे होते. मला या सिद्धांताचा खरा उपयोग एवढाच दिसतो: तो सत्कर्मातला हिशेब काढून टाकतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दोन हकीकती आहेत. सातव्या अध्यायात काही जण यादी घेऊन येतात: तुझ्या नावाने संदेश दिले, भुतं काढली, चमत्कार केले. त्यांना ओळखही दिली जात नाही. पंचविसाव्यात राजा काहींना सांगतो की तुम्ही भुकेल्याला अन्न दिलंत, तुरुंगातल्याला भेटलात. ते गोंधळतात; हे आम्ही केलं कधी? त्यांना आठवतच नाही. प्रिटोरियाच्या त्या गृहस्थाकडेही यादीच होती. तिच्यात एकच ओळ होती, 'मी विश्वास ठेवला', एवढाच फरक.

आता महाराष्ट्रात यावर जो आक्षेप येतो, तो टाळून चालणार नाही. मदत हे धर्मांतराचं आमिष होतं का? शारदासदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं ठरलं होतं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, 'केसरी'ने झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. टीका करणारे सगळेच कद्रू होते असं मी म्हणणार नाही. दिलेला शब्द आणि आतली ओढ यांत रमाबाईंची ओढाताण झाली, हे खरं आहे. भाकरीच्या मोबदल्यात विश्वास मागणं हाही हिशेबच, आणि मिशनांच्या इतिहासात तो मांडला गेला आहे. केडगावला मात्र त्यांनी आडपडदा ठेवला नाही. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. आणि दुष्काळातल्या त्या मुलींना न्यायला दुसरं फारसं कुणी गेलेलं नव्हतं, हेही टीकाकारांच्या खाती मांडायला हवं.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. लेक मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती. बायबलचं त्यांचं मराठी भाषांतर त्यांच्यामागून छापून निघालं. मुक्ती मिशन अजून चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगावला उतरता येतं. विश्वास मोठा की कर्म, यावर त्या बाईशी वाद घालायचा असेल, तर आधी तिथे एकदा जाऊन या.