गँडर ग्रीन लेनचे मास्तर

युनायटेड म्हटलं की आपल्याला मँचेस्टरच आठवतं. हे दुसरं युनायटेड, लंडनच्या दक्षिणेकडच्या सटनचं. मैदानाचं नाव गँडर ग्रीन लेन. ऐंशीच्या दशकात ही टीम 'नॉन-लीग' होती. म्हणजे फुटबॉल लीगमधले जे 92 क्लब, त्यांच्याही खालची पायरी. पोरं दिवसभर नोकरी करणार आणि संध्याकाळी सराव. ऑफिस सुटल्यावर एकांकिकेच्या तालमीला धावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

या टीमचे मॅनेजर बॅरी विल्यम्स. मूळचा माणूस इंग्रजीचा मास्तर! अंगात ट्वीडचा कोट, तोंडात पाइप आणि बोलण्यात किपलिंग. आपल्या शाळेत मराठीचे एक सर असायचे ना, तसलाच प्रकार. फरक इतकाच की यांच्यासमोर बाकांवर गवंडीकाम करणारे वगैरे लोक बसलेले.

7 जानेवारी 1989. एफए कपची तिसरी फेरी, समोर कॉव्हेंट्री सिटी. प्रीमियर लीग 1992 मध्ये आली, तोवर फर्स्ट डिव्हिजन हीच सगळ्यात वरची, आणि कॉव्हेंट्री त्यातली. शिवाय 1987 मध्ये हाच कप जिंकलेली. हाफटाइमच्या जरा आधी कॅप्टन टोनी रेन्सनं कॉर्नरवर हेडर मारला. मध्यंतरानंतर डेव्हिड फिलिप्सनं बरोबरी केली. आता पाहुणे सुटणार असं वाटत असतानाच मॅथ्यू हॅनलननं दुसरा गोल केला. हॅनलन पेशानं गवंडी, त्यामुळे पेपरवाल्यांची चंगळ झाली. 2-1!

ही मॅच 'चमत्कार' म्हणून सांगतात ना, तिथं माझं डोकं फिरतं. अहो, दोन्ही गोल कॉर्नरवरून आलेत! दुसरा तर पद्धतशीर बसवलेला: कॉर्नर थेट गोलसमोर न टाकता जवळच्या खेळाडूकडे ढकलला, तिथून क्रॉस, आणि हॅनलन नेमका हवा तिथं हजर. चेंडू खेळात असताना कॉव्हेंट्री प्रत्येक बाबतीत सरस असणारच. पण कॉर्नरला खेळ थांबलेला असतो. कोण कुठं पळणार हे आधी ठरवता येतं, आणि फुल-टाइम असो की पार्ट-टाइम, सगळ्यांना तेवढाच वेळ मिळतो. दुबळ्या टीमनं आपले मोजके सरावाचे तास कशावर खर्च करावेत, याचं इतकं चोख उत्तर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. (आमच्याकडे रिलीजच्या आदल्या रात्री टेस्टिंग सुरू होतं, तो विषय वेगळा.)

बरं, विल्यम्स काही एका शनिवारचे नव्हेत. 1981 मध्ये सटन एफए ट्रॉफीच्या फायनलला वेम्बलीवर गेलं, आणि बिशप्स स्टॉर्टफर्डकडून 1-0 हरलं. 1985 आणि 1986, लागोपाठ दोनदा इस्थमियन लीग जिंकली, मग कॉन्फरन्समध्ये बढती मिळाली. कॅमेरे मात्र आले ते 1989 मध्ये. त्याआधीची वर्षं कुणाला दिसलीच नाहीत.

पुढच्या फेरीत नॉर्विचनं 8-0 असं धुतलं. सटनचा विषय निघाला की लोक हे हळूच गाळतात. मला तसं वाटत नाही. तीन आठवड्यांत 2-1 आणि 8-0 दोन्ही बघितलेली ही माणसं सोमवारी पुन्हा आपापल्या कामावर गेली, म्हणून तर ती मला जवळची वाटतात.

1991 मध्ये क्लब कॉन्फरन्समधून खाली घसरला, तोवर विल्यम्स निघून गेले होते. 1898 मध्ये सुरू झालेलं सटन फुटबॉल लीगमध्ये पोचलं ते थेट 2021 मध्ये, आणि 2024 मध्ये परत खाली आलं. असो.

यानंतर एखाद्या नॉन-लीग टीमनं सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधल्या टीमला एफए कपमध्ये हरवायला 2013 उजाडावं लागलं. तेव्हा ल्यूटननं हरवलं. कुणाला? नॉर्विचला, त्यांच्याच मैदानावर. सटनवाले त्या दिवशी किती हसले असतील!