वाचून सही करते

सातबाऱ्यावर जमिनीचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं असतं आणि गाव अजून एकर-गुंठ्यांत बोलतं. या दोन मापांच्या मधल्या फटीत माणसं फसतात. उताऱ्यावर 0.81 दिसलं की सातवीतली हुशार पोरंसुद्धा म्हणतात, "मॅडम, ही तर एक एकरही नाही." ती जमीन दोन एकर असते. 40 गुंठ्यांचा एकर म्हणजे जवळजवळ साडेचाळीस आर. दशांश अपूर्णांकांचं साधं उदाहरण आहे. पण पुस्तकातली उदाहरणं पटापट सोडवणारी पोरं उताऱ्यापुढे गप्प होतात, कारण हा कागद आपल्याला वाचता येईल असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मी बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचे तास मी घरातल्या कागदांना देते. लाइट बिल, पासबुक, रेशनकार्ड, औषधाची पट्टी, सातबारा. जीवनमूल्यांचे सुविचार परिपाठात रोज फळ्यावर येतात आणि रोज पुसले जातात. मुलांच्या आयुष्यात अडचण येते ती बहुतेक वेळा एखाद्या कागदाच्या रूपाने, आणि तो कागद हातात धरून शांतपणे वाचता येणं हे मला कोणत्याही सुविचारापेक्षा मोठं शिक्षण वाटतं.

सुरुवात लाइट बिलाने करावी. पहिलं बिल माझ्या घरचं असतं. मुलांकडून मागवलं तर कुणाची थकबाकी किती हे वर्गभर होतं, आणि ज्याचं घर थकलेलं आहे ते पोर पुढच्या शनिवारी येत नाही. बिल वाचा, असंही मी म्हणत नाही. यातला कोणता आकडा दर महिन्याला बदलतो ते शोधा, एवढंच सांगते. शोधता शोधता मागील रीडिंग, चालू रीडिंग, स्थिर आकार सगळं सापडतं. 1000 वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, हे एकदा कळलं की मुलं घरी जाऊन मीटर वाचायला लागतात. एका पोराच्या लक्षात आलं की त्यांच्या बिलावर दर महिन्याला तेवढीच युनिटं येतात. बिल सरासरीने निघत होतं. आजोबा मीटरचा फोटो घेऊन गेले, आणि बिल दुरुस्त झालं.

सातबाऱ्याला मात्र मी महिना-महिना देते. नमुना सात म्हणजे हक्काची नोंद, बारा म्हणजे पिकाची. एवढ्यावर थांबलं तर काहीच शिकवलं नाही. भोगवटादार वर्ग 2 लिहिलं असेल तर ती जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा दिसतो. कर्ज फेडलं तरी तो आपोआप उतरत नाही. बेबाकीचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जावं लागतं, फेरफार व्हावा लागतो. फेरफाराचा क्रमांक उताऱ्यावरच असतो. त्याच्या मागे गेलं की आजोबांची जमीन कोणत्या साली कुणाच्या नावावर आली हे कळतं. मुलांना हा इतिहास विलक्षण आवडतो. एकदा एक मुलगी नावांवरून बोट फिरवत म्हणाली, "काकांचं आहे, पप्पांचं आहे. आत्याचं कुठंय?" मी तिला 2005 चा कायदा सांगितला, वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क लेकाइतकाच असतो हे सांगितलं. हक्कसोड पत्र काय असतं तेही सांगितलं. पुढचं तिने घरी विचारलं असेल. विचारू दे.

वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरी सातबाराच नाही. दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला जातात, आणि जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, हिशोब टनावर. तो हिशोब मुकादमाच्या वहीत असतो. म्हणून या मुलांना मी वेगळी वही घालायला शिकवते: तारीख, घेतलेली रक्कम, तोडलेला ऊस, दर, कापलेले पैसे. हंगामाच्या शेवटी बाकी किती ते घरच्या वहीतूनही निघालं पाहिजे. सातवीतल्या मुलांना बेरीज-गुणाकार येतो. तो आईच्या घामाच्या हिशोबाला लागला नाही, तर मग कशाला?

हे खूळ माझं एकटीचं नाही. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या कागदांवर निशाण्या त्यांच्याच होत्या, मजकूर मात्र त्यांना वाचता येत नव्हता. पुढे 1879 च्या कायद्याने शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा असं ठरलं. आणि 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी गावच्या शाळेसाठी जे विषय मागितले, त्यांत मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशोब, शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे होते. मोडी का? तर त्या काळी व्यवहाराचे कागद मोडीत असत. मला ही मागणी आजही पुरी झालेली दिसत नाही.

वाचता आलं तरी विचारता येतंच असं नाही. टेबलापलीकडे साहेब बसला की मोठ्या माणसांचीही जीभ अडते. म्हणून आम्ही वर्गात नाटुकलं करतो. एक पोरगा कारकून होतो, घाई करतो, "इथं सही करा, लवकर" म्हणतो. समोरच्या मुलीने फक्त एवढंच म्हणायचं, "साहेब, वाचून सही करते." सुरुवातीला मुली हे वाक्य खाली मान घालून पुटपुटतात. कारकुनाने आवाज चढवला तरी तेच वाक्य, त्याच आवाजात येईपर्यंत आम्ही ते पुन्हा पुन्हा करतो. उद्धटपणा नको आणि घाबरणंही नको.

शिक्षक बंधू-भगिनींनो, यासाठी परिपत्रकाची वाट पाहू नका, वेगळ्या निधीचीही गरज नाही. येत्या शनिवारी आपल्या घरचं लाइट बिल वर्गात न्या, नावावर कागदाची पट्टी चिकटवा, आणि यातला कोणता आकडा पुढच्या महिन्यात बदलेल ते मुलांना शोधायला सांगा.